मामाची मांडी

कंपनीनं नल्लांपट्टीतल्या सगळ्या पोरांचा मामा व्हायचं ठरवलंय, ही बातमी चेन्नियप्पनला न्हाव्याच्या दुकानात कळली, तेव्हा त्याच्या अर्ध्या तोंडाला साबण होता. उरलेली दाढी तशीच ठेवून तो घरी आला आणि विहिरीच्या काठावर बसून राहिला. राग कुणावर काढायचा तेच त्याला उमजेना. माणूस मामा झाला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. कंपनीची गचांडी धरायची तर कुठे धरायची?

कंपनी म्हणजे पोन्नूट्रु, बाटलीतलं पाणी विकणारी. सहा वर्षांपूर्वी ती गावात आली, अकरा बोअर मारले आणि एकेक करून गावच्या विहिरी कोरड्या पाडल्या. राहिली एकच, चेन्नियप्पनच्या बापानं, कोळंदैसामीनं, तीन उन्हाळे खपून खणलेली. मरताना म्हाताऱ्यानं ती मुलाला आणि मुलीला निम्मी निम्मी दिली. विहीर निम्मी कशी करतात हे सांगायला तो थांबला नाही. ते काम कंपनीच्या मोजणीदारानं केलं. दोरीला लोंबकळून त्यानं आतल्या भिंतीवर काठापासून पाण्यापर्यंत चुन्याच्या दोन रेघा ओढल्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. अलीकडचं पाणी चेन्नियप्पनचं, पलीकडचं त्याच्या बहिणीचं, पूंगोडीचं. पाण्याला हे कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे ते आपलं पहिल्यासारखंच गोल राहिलं.

कंपनीला पूंगोडीची बाजू हवी होती. "आम्ही फक्त पलीकडचं पाणी उपसू, तुमच्या थेंबाला हात लावणार नाही," असं चेन्नियप्पनला लिहून द्यायलाही ते तयार होते. पूंगोडीचा नवरा मरुदाचलम कंपनीतच बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या खात्यात होता, त्यामुळे ती आज ना उद्या सही करणार हे गावाला ठाऊक होतं. तरी ती वर्षभर टाळत आली. मग कुणा शहाण्यानं कोइमतूरच्या मोठ्या कचेरीत सांगितलं की, या मुलखात बाई बापाला नाही म्हणेल, नवऱ्याला नाही म्हणेल, पण मुलाच्या मामाला नाही म्हणत नाही.

तर कंपनी मामा झाली.

चेन्नियप्पनला पाण्याचं दुःख होतंच, पण हे दुःख वेगळं होतं. तो त्रेचाळीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा. त्याच्या वयाचे निम्मे शेतकरी तसेच राहिले होते, कारण आटलेल्या गावात मुलगी द्यायला कुणी धजत नव्हतं. आता लग्न होणार नाही हे त्यानं केव्हाच पदरात घेतलं होतं. पण मुलाचे कान टोचायचे ते आईच्या भावाच्या मांडीवर बसवून, हा इथला रिवाज, आणि पूंगोडीची लेक तेन्मोळी, लाडाची तेनू, तीन वर्षांची झाली होती. तेवढा एक दिवस त्याचा होता. देवासमोर, चारचौघांत, एक मूल त्याच्या मांडीवर बसणार होतं. त्यासाठी त्यानं आईची चमकी आटवून दोन इवल्या कुड्या करून घेतल्या होत्या, आणि त्या शर्टाच्या खिशात ठेवून तो गेले चार महिने हिंडत होता.

मामाला विड्याची पानं देऊन आमंत्रण द्यायचं असतं. त्याला ते आलं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून बहीण त्याच्याशी बोलत नव्हती, आणि का बोलत नव्हती हे त्याला चांगलं माहीत होतं.

वैकासी महिन्यात, कान टोचायच्या सकाळी तो न बोलावता करुप्परायनाच्या देवळात गेला. हातात एक ताट, त्यात बागेतल्या एकुलत्या जिवंत माडाचा नारळ आणि तेनूसाठी हिरवा परकर.

"या, या सोयरे!" मरुदाचलमची आई रामाताळ लिंबाखाली पाय पसरून बसली होती, तिनं दुरूनच हाळी दिली. "बोलावल्याशिवाय आलेले तुम्ही आणि या माश्या."

"देवळात यायला आमंत्रण लागत नाही, आत्या."

"देवळात नाही लागत. पण ताट घेऊन आलायत. ताटाला लागतं."

"मग ताट करुप्परायनाला देतो."

"करुप्परायन परकर नेसतो होय?" असं म्हणून म्हातारीनं त्याच्याकडे एक चटई सरकवली. तोंडानं ती वाटेल ते बोलायची, पण उभ्या माणसाला उभं ठेवायची नाही.

पूंगोडी दगडी ओट्याजवळ बसली होती. तेनूचं जावळ नुकतंच उतरवलं होतं. न्हाव्यानं डोकं भिजवायला पाणी मागितलं तेव्हा कंपनीच्या चार बाटल्या फोडाव्या लागल्या होत्या, आणि त्या रिकाम्या बाटल्यांशी तेनू खेळत होती. मामाला बघून ती "मामा!" म्हणून धावणार, तोच आईनं तिचा झगा धरला. पूंगोडीनं भावाकडे बघितलंही नाही. डोक्यावरून पदर नीट केला, एवढंच.

"दाजी कुठायत?" चेन्नियप्पननं म्हातारीला विचारलं.

"ड्युटीवर!" रामाताळ उसळली. "पोटच्या पोरीचे कान टोचायचेत आणि बाप ड्युटीवर. साताठ जणांना विचारलं. कुणी म्हणतं माल भरतोय, कुणी म्हणतं साहेबांबरोबर आहे. चार दिवस झाले, घरात खाली मान घालून जेवतो आणि उठतो. काहीतरी शेण खाल्लंय त्यानं, आई आहे मी, मला कळतं."

साडेनवाला कंपनीचा टेम्पो आला. पुढे दोन ढोल, मागे एकवीस माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर रेशमी रुमालानं झाकलेलं ताट. एवढं मोठं माहेर नल्लांपट्टीत कुणाचंच नव्हतं. कंपनीच्या निवेदिता मॅडम पुढे आल्या. कोवळी मुलगी, इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर हुद्दा लिहिलेला: नाते अधिकारी. त्यांनी हात जोडले, ताटं ओळीनं मांडली गेली, आणि रुमाल उचलले.

वीस ताटांत पाण्याच्या बाटल्या होत्या. प्रत्येक ताटात सहा, गळ्याला हळदीचा दोरा बांधलेल्या. एकविसाव्यात मखमलीच्या डबीत सोनेरी कुड्या होत्या, बाटलीच्या आकाराच्या.

"फळं?" रामाताळनं विचारलं.

"लिंबाच्या चवीच्या आहेत ना, आजी. तिसरं आणि नववं ताट."

कान टोचणारे विश्वनाद आसारी सोनाराच्या चिमट्यासह ओट्यावर तयार बसले होते. सत्तरीचे, अर्ध्या गावाचे कान त्यांच्याच हातचे. त्यांनी एक कुडी उचलली, दाताखाली धरली आणि पुन्हा डबीत ठेवून डबीचं झाकण लावलं. चिमटा धोतराला पुसला. "पोरीचा कान पिकला तर लोक मला शिव्या घालतील," एवढंच ते म्हणाले.

चेन्नियप्पननं खिशातली पुरचुंडी गुपचूप त्यांच्या पुढ्यात सरकवली. आसारींनी ती उघडून बघितली आणि गुडघ्याखाली ठेवली.

मॅडमनी माईकवर कागद वाचला. भाषा सुरेख होती. आजपासून कंपनी चि. तेन्मोळीची सख्खी मामा. मामा या नात्यानं ती पहिल्या परकरापासून लग्नापर्यंत सगळं बघणार. आणि भाचीच्या आईनं, म्हणजे पूंगोडीनं, बाळाच्या मामाची संमती घेऊन, विहिरीतला आपला हिस्सा नव्व्याण्णव वर्षांसाठी मामाच्या हवाली करायचा.

"मामाची संमती कशाला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. "मामाच तर मागतोय!"

"रिवाज आहे ना तुमचा," मॅडम समजावून सांगाव्या तशा हसल्या. "बहीण मामाला विचारल्याशिवाय काही करत नाही. आमच्या वकिलांनी पूर्ण अभ्यास केलाय. पूंगोडीताई मामाला विचारतील, मामा हो म्हणतील. एक मिनिटाचं काम आहे."

"बरं," आसारींनी हात झटकले. "साडेदहापर्यंत मुहूर्त आहे. मामा कोण? मांडी कुणाची?"

मॅडमनी टेम्पोकडे हात केला.

मागचं फळकूट पडलं आणि आतून सहा फुटांची बाटली उतरली. निळं झाकण, पोटावर मोठ्या अक्षरांत पोन्नूट्रु, दोन्ही बाजूंना पिसं काढलेल्या कोंबडीच्या पंखांसारखे दोन आखूड हात. ती डुलत डुलत आली आणि गावाला नमस्कार करायला गेली, पण हात एकमेकांपर्यंत पोचेनात. तेनूनं भोकाड पसरलं.

"हा मामा?" रामाताळचा पदरच गळून पडला.

"साहेब येणार होते," मॅडम म्हणाल्या. "पण कायदा विभाग म्हणाला, साहेब उद्या नोकरी सोडून गेले तर नातंही त्यांच्याबरोबर जाईल. नातं नावाशी हवं, माणसाशी नको. म्हणून बाटली."

"बसव की मग," आसारी म्हणाले. "पोरगी मांडीवर घेऊ दे त्याला."

बाटली ओट्यापाशी आली. वाकायचा प्रयत्न केला. फोमची होती, मधून दुमडेना. मग बसायचा प्रयत्न केला, तर तिरकी झाली, आणि ढोलवाल्यांनी धरली म्हणून वाचली. बाटलीला मांडी नव्हती. ही गोष्ट मोठ्या कचेरीतल्या एकाही माणसाच्या लक्षात आली नव्हती.

"मांडीशिवाय मी टोचत नाही," आसारींनी चिमटा खाली ठेवला. "पन्नास वर्षांत टोचला नाही. बाटलीला टेकवून टोचायला ती पोरगी आहे की झाकण?"

चेन्नियप्पनला हसू फुटलं आणि त्याच क्षणी त्याला बहिणीचा चेहरा दिसला. पूंगोडी बाटलीच्या पायांकडे बघत होती. फोमच्या खाली दोन पावलं दिसत होती, त्यात रबरी चपला, आणि डाव्या चपलेचा पट्टा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. ते टाके तिच्याच हातचे होते.

ती उठून बाटलीसमोर जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली.

बाटली एक पाऊल मागे सरली.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय. आत तुम्हीच आहात ना?"

"पूंगा," आतून मरुदाचलमचा घुसमटलेला आवाज आला, "माझ्याकडे बघू नकोस. गावातल्याच कामगारानं घालायचा असं वरून आलं. बाहेरचा माणूस आणला तर भत्ता द्यावा लागतो."

मग रामाताळ उठली, आणि ती उठली म्हणजे काय होतं हे गाव तीन पिढ्या बघत आलं होतं.

"मेल्या! तू पोरीचा मामा होणार? तू?" तिनं बाटलीच्या पोटावर चापट मारली, तर हात फोममध्ये रुतला. "मामा म्हणजे काय कळतं का तुला? मामा म्हणजे हिच्या आईचा भाऊ! आज तू देवासमोर या मांडीवर पोरगी घेतलीस की पूंगोडी तुझी बहीण झाली! मग आज संध्याकाळपासून झोपायचं कुठे ठरवलंयस? गोठ्यात? आणि माझी सून माझी कोण? मुलगी? आणि माझी नात माझ्या पोराची भाची? अगं माझ्या करुप्पराया, एका नोकरीपायी यानं घरातली सगळी नाती उलटी टांगली!"

"आई, फक्त फोटोपुरतं..."

"करुप्परायनासमोर फोटोपुरतं काही नसतं!"

गावात कुजबुज उठली. गंमत म्हणून नव्हे. म्हाताऱ्या माणसांनी खरंच गालांवर हात मारून घेतले. मॅडमचा चेहरा पडला. वकिलांनी पूर्ण अभ्यास केला होता, पण कुणी कुणाचा कोण लागतो हा भाग राहून गेला होता.

त्यांनी मोठ्या कचेरीला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल इतक्या जोरात त्या बोलत होत्या. नाही सर, दुसरा माणूस. हो सर, टेम्पोचा ड्रायव्हर आहे.

"ड्रायव्हर, तुझं कूळ कुठलं?" रामाताळनं विचारलं. त्यानं सांगितलं. "मग तो आमचा भाऊबंद. पोरीचा काका. काकाच्या मांडीवर कुणी टोचतं का?"

मॅडम स्वतः बसल्या तर? मॅडम बाई आहेत. मग ढोलवाला? ढोलवाला उठून लांब जाऊन उभा राहिला. सव्वादहा वाजले. तिकडे बाटलीतून मरुदाचलमला बाहेर काढलं तेव्हा तो असा घामानं निथळत होता की त्याला नुसतं बसवलं तरी जमिनीवर ओल उमटली. "पाणी," तो म्हणाला. एकशेवीस बाटल्या समोर होत्या. मॅडमनी ओठ चावला आणि हळू आवाजात सांगितलं की ताटातल्या मोजून आणल्यात, फोटो होईपर्यंत फोडता येणार नाहीत.

पूंगोडीनं आपल्या पिशवीतला पितळेचा गडू काढून नवऱ्याच्या तोंडाला लावला. चेन्नियप्पननं तो गडू ओळखला. त्यातलं पाणीही ओळखलं. ते त्याच्या विहिरीचं होतं, पलीकडच्या बाजूचं.

मग मॅडमना तो दिसला. म्हणजे तो मघापासून तिथेच होता, पण आत्ता दिसला.

"तुम्ही... तुम्ही खरे मामा ना?"

"आहे."

"मग तुम्ही बसा ना बाटलीत!"

गाव हसलं नाही. मॅडम भराभर बोलू लागल्या. वरून परवानगी मिळाली होती, खालचा भाग कापून बाटलीला पाय मोकळे करायची. चित्रकला विभागाशी बोलणं झालं होतं. पोरीचे कान टोचले जातील, खऱ्या मामाच्या मांडीवर टोचले जातील, कुणाचं नातं उलटं होणार नाही, आणि फोटोत बाटली येईल. सगळ्यांचंच भलं.

चेन्नियप्पननं त्या बाटलीकडे बघितलं. त्याच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, बागेतले छप्पन्न माड गेले होते, आता कंपनीला तोही आत हवा होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यानं मॅडमच्या तोंडावर पानाची पिंक टाकली असती. पण तेनू ओट्यावर बसून, मुंडलेलं डोकं खाजवत, त्याच्याकडेच बघत होती. आणि साडेदहाला दहा मिनिटं होती. पुढचा मुहूर्त निघेल तेव्हा कंपनीनं दुसरा मामा शोधलेला असेल, याची त्याला खात्री होती.

"मला हिनं बोलावलेलं नाही," तो बहिणीकडे बोट करून म्हणाला. "न बोलावता कसा बसू?"

पूंगोडीनं वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तीन दिवस, अण्णा," ती म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात माझी पोर तापानं फणफणली होती. घरात थेंब नव्हता. तीन दिवस तू सगळी विहीर, माझ्या हिश्शासकट, उपसून माडांना सोडलीस आणि मला म्हणालास, परवा ये."

"माड मरत होते, पूंगा."

"माड मेलेच ना?"

"मेले."

"मग?"

वर्षभर त्यानं एक उत्तर घोळवून ठेवलं होतं, त्यात बापाचं नाव होतं, बागेचं होतं, कंपनीचं तर होतंच. आत्ता त्यातलं काहीच बोलावंसं वाटेना.

"मग काय. चुकलो," तो म्हणाला. "माडांकडे बघत बसलो, पोरीकडे बघायचं राहिलं. रोज उठतो तेव्हा तेच आठवतं."

पूंगोडीला रडू आवरेना, तशी ती चिडली. चिडूनच तिनं रामाताळच्या पानाच्या चंचीत हात घातला, दोन पानं आणि सुपारी घेतली आणि भावाच्या पुढ्यात धरली.

"माझ्या लेकीचे कान टोचायचेत. तू ये."

"माझी पानं आहेत ती," रामाताळ म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली.

न्हाव्यानं वस्तऱ्यानं बाटलीचा तळ कापला. चेन्नियप्पन आत शिरला तेव्हा दाजीच्या घामाची ऊब अजून तिथे होती. पोन्नूट्रुच्या पहिल्या अक्षरात जाळी बसवली होती, तेवढीच एक खिडकी. त्यातून त्याला आसारींचा गुडघा, बहिणीच्या साडीचा काठ आणि तेनूचं घाबरलेलं तोंड दिसलं. तो मांडी घालून बसला. दोन काळी, भेगाळलेली पावलं आणि चिखलानं रापलेले गुडघे बाटलीतून बाहेर आले.

तेनू येईना. बाटलीला लाथा मारू लागली.

"तेनू," तो आतून म्हणाला. "मी आहे."

ती थबकली. जाळीला डोळा लावून आत बघितलं.

"मामा, तू बाटलीत का बसलायस?"

"जागाच तेवढी ठेवलीय, बाळ. ये."

ती आली. बाटलीकडे पाठ करून तिनं त्याच्या मांडीवर बूड टेकवलं आणि नेहमीच्या सवयीनं त्याचा अंगठा मुठीत धरला, फोमच्या हाताच्या टोकाशी तेवढाच बाहेर होता. आसारींनी गुडघ्याखालची पुरचुंडी काढली. एक टोचणं, एक किंकाळी. दुसरं टोचणं, आणि देवळाचा कळस हलेल अशी किंकाळी. आजीची चमकी नातीच्या कानात गेली. चेन्नियप्पनला तिचे डोळे पुसायचे होते, पण ते आखूड हात तिच्या तोंडापर्यंत पोचत नव्हते. आत बसून तो स्वतःच रडत होता, आणि ते पुसायला तर मुळीच हात पोचत नव्हता. कंपनीचा फोटोवाला म्हणाला, "छान, छान."

मॅडमनी कागद आणि पेन पूंगोडीच्या पुढ्यात धरलं. कॅमेरा सुरू होता. "ताई, आता मामांना विचारायचं. कागदात आहे तसं."

"कुठल्या मामांना?"

"हे काय, बाळ ज्यांच्या मांडीवर बसलंय त्या मामांना."

पूंगोडी बाटलीसमोर गुडघे टेकून बसली. पेन तिच्या हातात होतं. मरुदाचलम झाडाला टेकून बसला होता, त्याची नोकरी त्या पेनाच्या टोकावर होती, आणि त्यानं खाली बघितलं. बोलला काहीच नाही. तेवढं त्याचं तिनं पुढे आयुष्यभर मानलं.

"मामा," तिनं विचारलं, "कंपनीला माझा हिस्सा देऊ का? सही करू?"

बाटलीला मान नसते. म्हणून ती सगळीच्या सगळी डावीकडे वळली. मग उजवीकडे वळली. मग पुन्हा डावीकडे. मांडीवरची तेनू रडता रडता हसायला लागली, कारण तिला तो झोका वाटला.

"नको," बाटली म्हणाली.

"मामा नको म्हणतोय," पूंगोडीनं मॅडमना सांगितलं आणि पेन परत केलं.

"नाही, पण... मामा म्हणजे कंपनी ना?"

"हो. तुमचीच बाटली आहे. तुम्हीच विचारून बघा."

मॅडमनी खरंच विचारलं. बाटली पुन्हा वळली, डावीकडे, उजवीकडे. मागून रामाताळ ओरडली, "मामाच्या शब्दापुढे बाई जात नसते गं पोरी, तुमच्या वकिलांनी अभ्यास केलाय!" मॅडमनी मोठ्या कचेरीला फोन लावला. "सर," त्या म्हणाल्या, "आपण नकार दिलाय."

मरुदाचलमची नोकरी तिसऱ्या दिवशी गेली. कारण दिलं, बाटलीचं नुकसान. कंपनीचे अकरा बोअर चालूच राहिले, आणि विहिरीचं पाणी त्या वर्षी आणखी दोन हात खाली गेलं. नल्लांपट्टी जिंकली असं कुणी म्हटलं नाही. पण मरुदाचलम एक दिवस दोरीनं विहिरीत उतरला आणि नारळाच्या काथ्यानं घासून चुन्याच्या दोन्ही रेघा त्यानं काढून टाकल्या. वरून चेन्नियप्पन दोर धरून होता. पहिल्या दोन घागरी आता रोज बहिणीच्या घरी जातात, मग माडाला.

पुढे आडी महिन्यात चेन्नियप्पन तेनूला घेऊन बसनं तालुक्याला निघाला. बसला गर्दी, म्हणून ती त्याच्या मांडीवर. बायपासच्या वळणावर कंपनीचा भला मोठा फलक लागला होता. 'पोन्नूट्रु, तुमच्या घरचा मामा.' चित्र करुप्परायनाच्या देवळातलंच होतं, मुंडलेलं डोकं, कानात दोन ठिपके, रडवेलं तोंड. फक्त बाटली पुन्हा अखंड केली होती. तळ जोडला होता, आणि भेगाळलेली पावलं, रापलेले गुडघे, सगळं पुसून टाकलं होतं. पोर बाटलीपुढे नुसतीच अधांतरी बसलेली.

चेन्नियप्पननं मान फिरवली.

"काय बाई एकेक चित्रं काढतात," शेजारच्या बाईनं खिडकीतून बघत म्हटलं. "ती पोरगी बघा, हवेत कशी बसलीय!"

तेनूनं फलकाकडे बघितलं, मग त्या बाईकडे बघितलं.

"हवेत नाही बसले," ती म्हणाली, "मामाच्या मांडीवर बसलेय," आणि पुन्हा त्याच्या छातीला टेकून तिनं त्याचा अंगठा मुठीत धरला.